टाकीला श्रीखंड बाधलं

२९ सप्टें., सोम.
चाकणच्या कंपनीचं कँटीन आजपासून पूर्ण आपल्या बायोगॅसवर. त्यांचंच खरकटं, त्यांचाच भात, मध्ये फक्त माझी टाकी. कँटीन मॅनेजर साठे म्हणाले, "पंधरा दिवस असं चालू दे, मग वर्षाचा करार करू." हा करार झाला तर नोकरी सोडली त्याचं चीज.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
मशिनांना झेंडूच्या माळा, कारखान्यातल्या सगळ्या विभागांना जेवण. श्रीखंड, जिलेबी ढीगभर उरली. खरकटं निवडणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, "ताई, येवढं ग्वाड एका दमात नगा घालू." मी घातलं. जास्त खरकटं, जास्त गॅस, आणखी काय.

४ ऑक्टो., शनि.
गॅस निम्मा. ज्योत पिवळी, फडफडते. टाकीला आंबूस वास, आम्ल तपासायची पट्टी लाल. आतले गॅस करणारे जंतू गोडाने गारद. अति तिथे माती, दुसरं काय. साठेंना सांगितलं, व्हॉल्व्ह खराब आहे. खोटं बोलले, लाज वाटतेय.

६ ऑक्टो., सोम.
शेगडी विझली. कँटीनने सिलिंडर लावले.
हौसाबाई: "अजीर्ण झालंय त्येला. लंघन घाला. शेणकाला पाजा थोडा थोडा."
पुस्तकातही तेच, वर आंबटपणा मारायला थोडा चुना. त्यांच्या गोठ्यातलं शेण माझ्या स्कूटीवरून आणलं. खरकटं बंद.

८ ऑक्टो., बुध.
साठेंना खरं सांगून टाकलं. "व्हॉल्व्ह ठीक होता. श्रीखंड मी घातलं."
"त्या दिवशी श्रीखंड खाऊन आमची लाईनवरची अर्धी माणसंही आडवी होती, मॅडम."
हसले नाहीत. कराराचं नावही काढलं नाही.

११ ऑक्टो., शनि.
बुडबुडे! हौसाबाईंनी टाकीला हळद-कुंकू लावलं. मी अडवलं नाही. रोज अगदी थोडं खरकटं सुरू.

१३ ऑक्टो., सोम.
पंधरावा दिवस. एकच शेगडी पेटतेय, पण ज्योत निळी. साठे करार घेऊन आले, तिच्यावर केलेला चहा उभ्यानेच प्यायले.
"दिवाळीत कँटीनचा फराळ उरेल. सगळा उचलाल?"
हो म्हटलं असतं तर सही तिथेच झाली असती.
"नाही. रोज एक बादली. वरचं नाही घेणार."
"बाकीच्याचं मी काय करू?"
"कमी शिजवा, सर."
कागद बगलेत मारून निघाले. वाटलं, संपलं. फाटकाशी थांबून वळले, खिशातून पेन काढलं.
"बादली किती लिटरची?"