मास्तरच्या चाकाखालचा दगड

१ मार्च १९९२, रविवार
नात हंसाची जुनी शाळेची वही. पुढे तिचं गणित, मागे अर्धी कोरी. फुकट जायला नको म्हणून लिहिते. कोणी वाचायची नाही. चौथीत मास्तरने छडी मारली तेव्हा मी पाटी फेकली ती फेकलीच, पण अक्षर अजून जमनापेक्षा गोल आहे. जमना माझी नणंद. शेजारीच राहते. नवापुरात एवढी जागा पडली आहे, पण नाही, शेजारीच.

काल मास्तर जमनाच्या खुराड्यात शिरला. मास्तर म्हणजे आमची जुनी लँडमास्टर मोटर. ह्यांनी तारापूरच्या एका पारशाकडून घेतली होती. हे गेले, मास्तर राहिला. भरतीचं पाणी रस्त्यावर आलेलं, पुंडलिकने तसाच काढला. म्हणतो, आये, मी ब्रेकवर उभा रायलो तरी थांबंना. कोंबडी एक मेली नाही. जमना मात्र अशी रडली की बंदरावरची माणसं टोप्या काढून आली.

पुंडलिक माझा मुलगा, पण बापावर गेला नाही. सरळ म्हणाला, ब्रेक नीट झाला तर ठेवू, नायतर सरावलीचा भंगारवाला न्यायला तयार हाय. शी! ह्यांनी हंसा पाळण्यात असताना सांगितलं होतं, माझी नात लग्नाला मास्तरमधून जाणार. लग्न पाच मेला, अक्षय तृतीयेला.

संकल्प: पाच मेच्या आत मास्तरला नवा ब्रेक. मी स्वतः लक्ष घालणार. घरात दुसऱ्या कोणाला डोकं नाही.

४ मार्च, बुधवार
यष्टीने बोईसरला गेले. नाक धरून. कारखान्यामागचा नाला सोमवारी पिवळा असतो, बुधवारी जांभळा. आणि ही माणसं यष्टीत आमच्या सुक्या बोंबलांना नाक मुरडून सरकून बसतात!

एकनाथचं गॅरेज म्हणजे चार पत्रे. त्याने चहात साखर टाकली आणि पेचकसाने ढवळली. त्याच पेचकसाने. प्यायले. काम होतं.

एकनाथ म्हणाला, आजी, तुमचे ब्रेक ड्रमचे हायत. ड्रम म्हणजे बंद पातेलं, आत पट्टे. पाणी शिरलं की बाहेर निघत नाय, पट्टे घसरतात. डिस्क म्हणजे उघडा तवा, त्याला दोन्ही बाजूंनी सांडशी धरते. पाणी उडून जातं. मला शिकवतो! पातेल्याआधी तवा सुकतो हे मी पन्नास वर्षं बघते आहे.

मग म्हणाला, पुढच्या चाकांना बसवू, ब्रेक मारला की जोर पुढं येतो. मी म्हटलं, मी मागे बसते. हंसा मागे बसणार. पुढे पुंडलिक एकटा, त्याने त्याचं बघावं. मागे बसव.
मागं कोण बसवत नाय आजी, म्हणाला.
म्हणजे आमचा पहिला. बरं झालं. जमनाला सांगायला काहीतरी झालं.

२७ मार्च, शुक्रवार
डिस्क मिळाले. हायवेवर एक मारुती गाडी ठोकली होती, तिच्या पुढच्या चाकांचे. ठोकलेल्या गाडीचं सामान! अंगावर काटा आला. मग विचार केला, मारुती आणि तोही मागे. मारुती पाठीशी असल्यावर काय भ्यायचं? जमनाला सांगितलं. ती म्हणाली, वयनी, ज्याच्या पाठीशी होता त्योच ठोकला ना? बाईची जीभ म्हणजे पाकट माशाची विषारी काट्याची शेपटी.

४ एप्रिल, शनिवार, पाडवा
गुढी उभारली आणि मास्तरला बोईसरला धाडला. पुंडलिक पहिल्या गिअरमध्ये नेत होता. वाटेत दोन सायकली आणि एक म्हैस पुढे गेली. म्हशीने वळून बघितलं.

९ एप्रिल, गुरुवार
आज स्टुलावर बसून देखरेख. बरं झालं गेले. माझ्याशिवाय काही खरं नाही. तव्याची भोकं आणि चाकाचे बोल्ट जुळेनात. लेथवाला हिंदीत म्हणाला, अम्माजी, ये शादी नहीं जमेगी. मी म्हटलं, जमेगी, कुंडली मत देखो, भोक पाडो. पाडली. एक वाकडं. ते आतल्या बाजूला ठेवायला सांगितलं, दिसणार नाही.

भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. ऑईलच्या डब्यात मेलेला उंदीर. पदराला ग्रीस लागलं ते रॉकेलने निघेना. घरी आले तर हंसा म्हणते, आजी, तुला मेकॅनिकचा वास येतो. तिला बरं वाटलं असावं.

१७ एप्रिल, शुक्रवार, हनुमान जयंती
झालं! मुद्दाम आजच बसवायला लावले. आजच्या दिवसापुढे मारुती नाही म्हणूच शकत नाही.

एकनाथने गाडी फिरवून दाखवली. ब्रेक मारला तशी मी सीटवरून खाली, पायदाणीत. इतका ब्रेक! मास्तरची शेपूट पुढे यायला बघत होती. एकनाथ म्हणाला, मागचे जरा जास्तच धरतात, पुंडलिकशेठना जपून मारायला सांगा. स्वतःच्या कामाची स्तुती स्वतःच करतो. तरी केली तर केली.

वर काम इतकं साफ की सामान उरलं. लांब तार. एकनाथ म्हणाला, आजी, ही हातब्रेकची तार. हातब्रेक जुन्या ड्रमातच व्हता. ह्या सांडशीला तार लावायला जागाच नाय. आता हातब्रेक नाय रायला, तेवढं पुंडलिकशेठना सांगा. गाडी उभी करताना गिअर टाका आन चाकाला दगड लावा.

म्हणे दगड लावा! नवा ब्रेक करून वर दगडच लावायचा तर मी दीड महिना ह्याच्याकडे पेचकसाचा चहा का प्यायले? माझं सामान आहे म्हटलं, तार गुंडाळून घेतली.

पुंडलिकला हे सगळं सांगायचं आहे. सांगते.

१८ एप्रिल, शनिवार
आमचं घर उंचावर, खाली उतार थेट बंदरापर्यंत. त्यामुळे हे असल्यापासून मास्तरच्या चाकाखाली एक काळा दगड असतो. हातब्रेक ह्यांनी कधी ओढला नाही, पुंडलिकनेही नाही. गावभर चेष्टा, मास्तर धोंड्यावर थांबतो. आज तो दगड उचलला आणि जमनाला दिला. वलांडीचा बांबू हलतो म्हणत होती, वलांडी म्हणजे बोंबील टांगायची चौकट. म्हटलं, घे, आमाला लागत नाय आता. आमचे डिस्क हायत.
जमना म्हणाली, देतेस ना? मग परत मागू नको.
मी हसले. मोठ्या मनाने हसले.

तारेवर कपडे वाळत घातले. झकास तार. सामान असं उरायला पाहिजे.

पुंडलिकने विचारलं, आये, हा हातब्रेकचा दांडा ढिला का लागतो? म्हटलं, नवीन पद्धत, आता गरज नाय. तो कारखान्यात पाळीला निघाला होता, गेला. गिअरमध्ये ठेवून गेला. गाडी जागची हलली नाही. बघा! दगड कशाला लागतो?

२६ एप्रिल, रविवार
पुंडलिकने सरावलीच्या भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. म्हणाला, आये, ब्रेक खरंच चांगला झालाय गं. माझा मुलगा. तोंडावर म्हणाला. दिवसभर दुसरं काही लिहायचं सुचलं नाही.

५ मे, मंगळवार, सकाळी सात
अबोलीचे गजरे मास्तरला बांधले. सगळ्यांच्या आधी मी येऊन मागे बसले आहे, जागा धरून. हंसा आत अंबाडा घालते आहे. वही बरोबर आणली. पुंडलिकने गाडी चालू करून ठेवली आणि नारळ आणायला आत गेला. चालू ठेवायला गिअर काढावा लागतो म्हणे. जाताना म्हणाला, आये, दगड कुठं हाय? म्हटलं, डिस्क असताना दगड? जा तू.
जमना दारात उभी राहून बघते आहे. बघू दे.
निघाली वाटतं गाडी. छान, हळू चालवतो आहे. पण हा मागे का

६ मे, बुधवार
काल नीट लिहिता आलं नाही.

पुंडलिक गाडीत नव्हताच. मास्तर आपला आपण मागे निघाला. जमना हात हलवून ओरडत होती. मला वाटलं निरोप देते. मीही हात हलवला. शेवटी काहीही झालं तरी नणंद आहे.

मग बांबू मोडल्याचा आवाज. वलांडी. काचेवर बोंबील, छतावर बोंबील, गजऱ्यात बोंबील. मग दुसरी वलांडी. मग होड्या ओढतात तो चिखल आणि वर येणारी भरती. पाणी पायदाणीत आलं तेव्हा मास्तर थांबला. पाण्यात डिस्क चांगले धरतात असं एकनाथ म्हणाला होता, ते खोटं नसणार. पण धरायला पायाशी माणूस लागतो, तो पुढच्या सीटवर. मी मागे.

मला होड्यांवरच्या चार नाखव्यांनी उचलून बाहेर काढलं. नवं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. हंसा दारात उभी, मुंडावळ्या बांधलेली. मला धडधाकट बघितलं, मग हसायला लागली. हसता हसता रडली. काजळ गेलं. ते माझ्यामुळे गेलं, हे मी एकदाच लिहिते.

वरात जमनाच्या जावयाच्या म्हावऱ्याच्या टेम्पोतून गेली. बर्फाच्या पेटीवर गोधडी टाकून नवरी बसवली. मी जमनाच्या शेजारी. पालघरला हॉलच्या दारात व्याह्यांच्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. शी! स्वतः सातपाटीची, मासळीवर जगणारी माणसं, आणि रुमाल!

पुंडलिकला एकनाथ हॉलमध्ये भेटला. दोघे कोपऱ्यात बोलत होते. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी जिलेबी घेतली.

१२ मे, मंगळवार
सरावलीचा भंगारवाला आला. चिखलातून ओढून परत दारात आणलेल्या मास्तरभोवती तीन फेऱ्या मारल्या. खारं पाणी इंजिनात गेलं, हा न्यायचा तर उचलायचा त्रास मलाच, म्हणाला. नको. मागचे दोन डिस्क तेवढे नवे हायत, ते देता का?
पुंडलिकने दिले. मागची चाकंही नेली. मला कोणी विचारलं नाही.

म्हणजे मास्तर राहिला. मी म्हटलं तसंच झालं.

चाकं नाहीत म्हणून मागे दोन दगड लागले. एक बंदरावर मिळाला. दुसरा त्या मापाचा कुठे मिळेना. संध्याकाळी जमनाकडे गेले. दारात बराच वेळ हवापाण्याचं बोलले. जमनाने बोलू दिलं. मग म्हणाली, वयनी, डिस्क असताना दगड कशाला गो?
खाली बघितलं. दगड तिने आधीच धुऊन दारात काढून ठेवला होता. दोघींनी मिळून आणला. जड आहे. हे एका हाताने ठेवायचे.

मास्तर आता हलत नाही. पुंडलिकने ढकलून बघितलं. असा ब्रेक एकनाथला जन्मात जमणार नाही.

खुराडं मोडल्यापासून जमनाच्या कोंबड्यांना जागा नव्हती. त्या आत शिरल्या आहेत. लाल कोंबडी मागच्या सीटवर माझ्या जागेवर अंड्यांवर बसली आहे. दोनदा हाकलली. उठत नाही.