समुद्राच्या अंगाची केबिन

अण्णा, काल हे ऑफिसातून आले ते बूट काढायच्या आधीच म्हणाले, "या सुट्टीत रत्नागिरीला जायचं तर केबिन घेऊ. पोरांना घेऊन डेकवर हाल नकोत. एजंट विचारतोय, कुठली हवी?" मी आमटीला फोडणी देत होते. मान वर न करता म्हणाले, "जाताना उजव्या अंगाची, येताना डाव्या. म्हणजे समुद्राकडची. मधोमध, धुराड्याच्या पुढची, यंत्राच्या भिंतीला लागून नको. आणि दार उघडलं की समोर खिडकी हवी." हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू गं कधी केबिन निवडलीस?" मी कशाला निवडतेय! शब्द न् शब्द तुमचा होता, नुसतं तोंड माझं. मला असा काही संताप आला की पळी आपटली आणि फोडणी करपली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बोलताच आहात! रात्री जेवताना पोरं म्हणाली, आमटी कडू लागते. लागू दे म्हटलं.

रत्नागिरीत तुम्हाला कचेरीतले कारकून म्हणून कोण ओळखत होतं? बोटीत जागा धरणारे म्हणूनच सगळे ओळखत. बोट दूर खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची, आणि शिडी चढून पहिला जो वळकटी टाकील त्याची ती जागा. पहिल्या पडावात तुम्ही नाहीत असं कधी झालंच नाही. धोतराचा काचा मारलेला, दोन्ही काखांत लोकांच्या वळकट्या. वकिलांच्या बायकोची, वरच्या आळीतल्या म्हातारीची, कोणाच्या तरी बाळंतिणीची. "अण्णा, आमच्या हिला जरा बघून घ्या हो," म्हटलं की तुमची छाती फुगायची. मला लहानपणी बंदरावर उभं करून तुम्ही शिकवलंत, "बायो, बोटीकडे बघू नको, धुराकडे बघ. धूर जाईल त्या अंगाला मेलं तरी बसायचं नाही. पुढे टोकाला बसलीस तर बोट लागेल, मागे बसलीस तर काजळी खाशील. मधे बसावं, वाऱ्याच्या अंगाला." मी परकर सावरत धुराकडे बघत उभी आहे, मागे भगवतीचा किल्ला, आणि तुम्ही बोट दाखवताय; अजून डोळे मिटले की दिसतं. तेव्हा मला वाटायचं, आपल्या अण्णांना सगळं कळतं.

आणि आईचा दमा. चारचौघांत तुम्ही तिच्याशी कधी धड बोलला नाहीत. आजारी पडली तरी "काढा घेतला का गो?" एवढं पडवीतूनच विचारायचं. पण दरवर्षी ती मामाकडे मुंबईला निघाली की तिची जागा तुम्ही धरायचात, आणि ती सगळ्या बोटीत उत्तम असायची. तिथे तिला श्वास पुरायचा. आई शेजारणींना सांगायची, "इकडून माझी जागा धरली जाते हो, मला कसली काळजी!" सांगताना पदर उगाच नीट करायची. तिच्या आयुष्यात कौतुकाचं म्हणून तेवढंच होतं. दागिने नव्हते, लाड नव्हते. बोटीवर वाऱ्याच्या अंगाला एक जागा होती. मला राग आहे तो हाच, अण्णा. जे तिला एकदा दिलेलं होतं, ते तुम्ही काढून घेतलंत.

माझ्या लग्नाच्या वर्षी तिचा दमा फार वाढला. लग्न रत्नागिरीला आपल्या दारात, सासरची माणसं मुंबईची. लग्न उरकलं की त्यांच्याच बोटीनं आईलाही न्यायचं आणि मामाकडे ठेवून मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, असं ठरलं. एका खेपेत दोन्ही कामं, तुम्ही म्हणालात. आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालात, "यंदा हिच्यासाठी केबिन घेतो." लग्नाच्या आदल्या आठवड्यात बोट आली तेव्हा तुम्ही मुद्दाम पडावातून जाऊन केबिनी बघून आलात. आल्या आल्या पडवीत कोळशानं बोटीचं चित्र काढलंत. "ही बघ. डाव्या अंगाची, म्हणजे मुंबईला जाताना समुद्राकडची. दुपारनंतर ऊन येईल, पण वारा असला की उन्हाला कोण विचारतो? आत दोन फळ्या आहेत निजायला. एकीवर तू, एकीवर बायो." आई उंबऱ्यात बसून बघत होती. "खिडकीतून वारा येईल हो नक्की?" तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "येईल म्हणजे? डोक्यावरचा पदर उडेल!" ती हसली. मग लग्नघरातली शंभर कामं बाजूला ठेवून तिनं जुन्या लुगड्यांची एक अरुंद गोधडी शिवली, त्या फळीच्या मापाची. तुमच्याकडून वीत मोजून घेतली होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची पंगत आठवते? विहीणबाई जेवता जेवता म्हणाल्या, "येताना डेकवर बसून मी अर्धी झाले हो. परत तसंच जायचं म्हणजे पोटात गोळाच येतो." कोणाला उद्देशून नाही, सहज आपलं. आणि तुम्ही? आई तुपाचं भांडं घेऊन वाढत होती, तुमच्या पुढ्यातच उभी होती. तिच्याकडे बघितलंतसुद्धा नाही. "अहो, डेकवर कशाला? तुमच्यासाठी केबिन घेऊन ठेवली आहे की! समुद्राच्या अंगाची, मधली. मी स्वतः निवडली आहे." सगळी पंगत वा वा करायला लागली. आईनं पुढच्या पानावर तूप वाढलं, त्याच्या पुढच्या पानावर वाढलं, आणि आत आली. संध्याकाळी तुम्ही माजघरात येऊन आवाज खाली करून म्हणालात, "अगो, मुलीला त्यांच्या घरात नांदायचंय. बायो तर केबिनीतच असणार ना? तुझ्यासाठी डेकवर धरतो की उत्तम जागा. मी आहे ना." आई म्हणाली, "असू दे." असू दे! माझ्या आईची निम्मी जिंदगी या दोन शब्दांत गेली. मी नवी नवरी, हातात हिरवा चुडा, दाराआड उभी राहून ऐकत होते.

बरं, निदान डेकवरची जागा तरी धरायची होतीत. त्या सकाळी पहिला पडाव सुटला तेव्हा तुम्ही व्याह्यांच्या ट्रंका मोजत होतात. दुसरा सुटला तेव्हा विहीणबाईंना फळीवरून हात धरून चढवत होतात. आंब्याच्या करंड्या हलू नयेत म्हणून खलाशांवर ओरडत होतात. तुम्ही दिलेले आंबे ते, आपल्या दारच्या हापूसचे, पेंढ्यात घालून. सगळ्या गावाच्या वळकट्या पहिल्या पडावानं नेणारा माणूस स्वतःच्या बायकोला घेऊन शेवटच्या पडावात चढला. वर जाऊन बघता तर पाय ठेवायला जागा नाही. उरली होती ती मागे, धुराड्याच्या खाली, बॉयलरच्या भिंतीला लागून. जिथे तुम्ही शत्रूलाही बसवलं नसतंत, तिथे आईला बसवलंत आणि लगेच पुढे निघून गेलात, व्याह्यांना खुर्च्या मिळाल्या का बघायला.

पुढचं मला आईनं नंतर मामाकडे सांगितलं. वैशाखातलं ऊन, पाठीशी तापलेली भिंत, वरून काजळी. जयगड जाईपर्यंत तिला श्वास घेववेना. शेजारी नाटे गावची एक कोळीण सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बसली होती. तिनं आईचा चेहरा बघितला, टोपल्या भिंतीकडे ढकलल्या आणि म्हणाली, "ये गो बाय, हिकडं सरक, हिकडं वारा हाय." तिनं आईची मान आपल्या खांद्यावर घेतली, पदरानं वारा घातला, आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं. सोवळ्याचं एवढं करणारी माझी आई घटाघटा प्याली. दाभोळला बोट थांबली तेव्हा तुम्ही एकदाचे मागे आलात. तुमच्या बायकोचे ओठ निळे पडले होते, आणि तुम्ही काय म्हणालात? "अगो, हिच्या हातचं पाणी प्यालीस?" एवढंच दिसलं तुम्हाला. आई हे सांगताना रडली नाही. "मासळीचा वास येत होता, पण माणसाजवळ बसल्यासारखं वाटलं गो," म्हणाली. मीच रडले.

डॉक्टरनं औषध दिलं, ती उठून बसली, रत्नागिरीला परत गेली. परतीच्या बोटीत तुम्ही तिला जुनी जागा धरून दिलीत म्हणे. त्यानंतर मात्र तिनं बोटीचं नावच टाकलं. मी किती पत्रं लिहिली! माझं बिऱ्हाड बघायला ये, बाळंतपणाला ये, नातू बघायला ये. एकच उत्तर यायचं, बोट सोसत नाही. माझ्या दोन खोल्यांत माझ्या आईचं पाऊल कधी लागलंच नाही. आणि गेली ती भर पावसाळ्यात, बोटी बंद असताना. तार मिळाल्यावर मी कडेवर पोर घेऊन कोल्हापुरावरून घाट उतरून आले, तोवर सगळं आटोपलं होतं. ओटीवर समाचाराला माणसं बसली होती, आणि त्यांना तुम्ही काय सांगत होतात, तर माझ्या लग्नातल्या केबिनीची गोष्ट! "आमची बायो सासरी गेली ती केबिनीत निजून. समुद्राच्या अंगाची केबिन. रत्नागिरीत कोणाची मुलगी तशी गेली असेल तर सांगा." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हो की नाही गो?" मी मान हलवली आणि आत गेले. चुलीपाशी आईची बसायची जागा रिकामी होती.

आता त्या केबिनीचंच सांगते. तुम्ही आम्हाला आत सोडलंत, दुसऱ्या फळीवर आईची गोधडी स्वतः अंथरलीत, चारी कोपरे ताणून घेतलेत, आणि "बायो, तू इथे पड हो," म्हणून गेलात. तुमची पाठ वळली तोच सासूबाईंनी आंब्याच्या करंड्या आत घ्यायला लावल्या. बाहेर वाफ लागून आंबे उतरतील म्हणाल्या. त्या करंड्या गोधडीवर ठेवल्या, बरोबर खिडकीसमोर. मी दारापाशी ट्रंकेवर बसले. तास गेला, दोन तास गेले. धीर करून मी म्हटलं, "आईला दमा आहे. तिला थोडा वेळ इथे आणू का?" सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "इथे? मग आंबे गं कुठे ठेवू? आणि दम्याच्या माणसाला मोकळी हवाच बरी." वाईट बोलल्या नाहीत हो, अगदी गोड आवाजात बोलल्या. तुमची निवड मात्र अचूक होती, अण्णा. असा वारा येत होता, असा गार वारा येत होता की करंड्यांतला पेंढा दिवसभर फुरफुरत होता.

मुंबईला बोट धक्क्याला लागली. करंड्या हमालाच्या डोक्यावर गेल्या. गोधडीला चीक लागून डाग पडले होते, ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी ती घाईघाईनं गुंडाळली, आणि तेवढ्यात तुम्ही दारात आलात. तोंडावर काजळी, धोतर मळलेलं, दिवसभर उभे असणार तुम्ही, तुम्हाला तरी कुठे जागा मिळाली असेल! पण चेहरा असा फुललेला की आजवर मी तसा बघितला नव्हता. "काय बायो? पडलीस ना गो? वारा आला ना?" मी म्हणाले, "हो अण्णा, छान आला. पडल्या पडल्या डोळा लागला." आईचं काय झालंय ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण नंतर सगळं कळलं, तरी मी ते खोटं कधी मोडलं नाही. तुमच्या ओटीवर नाही, तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही हात धरून पुन्हा तेच विचारलंत तेव्हाही नाही. ती गोधडी अजून माझ्याकडे आहे, चिकाचे डाग काही गेले नाहीत, पोरं तिच्यावर लोळून मोठी झाली. उद्या हे तिकिटं काढायला जातील, आणि घेतील ती केबिन तुम्ही सांगितलेलीच असेल. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही हे ठाऊक आहे, म्हणून तर एवढं लिहून गेले. पोचणार असता, तर आजही मी एवढंच लिहिलं असतं, की अण्णा, वारा छान होता, पडल्या पडल्या डोळा लागला.