मामांचे शिंपले

आपिया, ५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी राजधानीत मजेत. मामांची सरकारी गाडी चालवतो. एकदा गटारात घातली, तेवढं सोड. मंत्र्याचा भाचा म्हणून मी टाय लावावा म्हणे. शेती आणि मासेमारी खात्यात टाय कशाला, चिखलात लोंबायला?

कामाचं. मामांनी दोन वर्षं मासेमारीला बंद ठेवलेला आपल्या गावचा किनारा बघायला शनिवारी परदेशी पाहुणे येताहेत. मामांनी सांगितलंय, जेवण आजोबांच्या इतमामाला शोभेलसं कर. आणखीही काही सांगत होते, पण तेवढ्यात नवी रंगवलेली बस आली, अख्खी पोपटी, दारावर शार्क. बसवाला जहाजाने आपल्या बेटावर निघालाय, त्याच्याच हाती पत्र देतो.

माया असू दे, आणि एक चटईही पाठव.
वासा

गाव, १३ फेब्रुवारी

चि. वासा यास,
आशीर्वाद, नाइलाजाने.

आजोबांचा इतमाम म्हणजे शिंपले, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भावाचा शब्द आला म्हणून मी बंदीच्या पाण्यात उतरले आणि त्याच्याच खात्याने लावलेले परातीएवढे शिंपले काढले. पानात गुंडाळलेलं जेवण उघडल्यावर मामाचा चेहरा उतरला. पण बहिणीला चारचौघांत बोलायचं कसं? शिंपला मुकाट गिळला.

सोमवारी गावप्रमुखांची सभा बसली. आपल्या घराला दंड, डबाबंद मासळीची पन्नास खोकी. मासेमारी मंत्र्याला! सगळे हसले. मग म्हणाले, घराने माफी मागेपर्यंत गावचा दाखला नाही. दाखल्याशिवाय मामाला निवडणुकीचा अर्ज भरता येत नाही, आणि मुदत तेवीसला चारपर्यंत. ते ‘आणखी काही’ काय होतं रे?

तुझी आई

आपिया, १९ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

‘समुद्रातलं काही नको, डुक्कर भाज.’ हे होतं ते.

मामांना सांगताना मी गाडी कडेला घेतली, म्हटलं आता ओरडतील. ते म्हणाले, इंजिन बंद कर, पेट्रोल जळतंय. बस.

खात्यातले म्हणतात, चूक भाच्याची म्हणून सांगा, सुटाल. मामा म्हणाले, बहीण माझ्या शब्दावर पाण्यात उतरली, माफी मीच मागणार. मी विचारलं, माफीच्या रीतीप्रमाणे गावप्रमुख उठवेपर्यंत मंत्र्याने चटईखाली बसायचं? म्हणाले, मग काय, टाय लावून बसू?

खोकी धक्क्यावर धाडली आहेत. पण समुद्र खवळलाय, तेवीसच्या पहाटेपर्यंत जहाज नाही. पहाटे मामा तिकडे निघतील, दुपारच्या जहाजाने दाखला आणतील. मी अर्ज घेऊन कचेरीच्या दारात उभा राहतो. या वेळी हलणार नाही.

रागावलीस तरी टाकू नकोस.
वासा

गाव, २५ फेब्रुवारी

चि. वासा यास,
आशीर्वाद.

परवा मामा सभागृहासमोर उन्हात बसला, डोक्यावरून घरातली सगळ्यांत बारीक विणीची चटई घेऊन. आत आधी चहा झाला, मग पाव. गावप्रमुखांतला म्हातारा उलुगिया अकरालाच म्हणाला, चला, उठवू त्याला. पण बाकीच्यांची भाषणं राहिली होती. एकाने तर मामाचंच कौतुक अर्धा तास केलं. बाराला जहाज सुटल्याचा भोंगा वाजला. सगळ्यांनी ऐकला. चटई हलली नाही.

एकला त्यांनी ती उचलली, गळ्यात पडून रडले, शिक्क्यानिशी दाखला दिला. तो सोबत पाठवते आहे, आता तुला काय करायचं ते कर.

मामा इथेच आहे. सकाळी कंबरभर पाण्यात उभा राहून शिंपले बघतो. काल विचारलं, काय करू जेवायला? म्हणाला, समुद्रातलं काहीतरी.

दंडाच्या खोक्यांतून प्रत्येक घराला वाटा मिळाला, आपल्यालाही. मी डबा उघडला. त्याने सगळा खाल्ला.

गाडी जपून चालव, ती आता दुसऱ्या कुणाची आहे. आणि घरी ये, मामा तुझी वाट बघतोय.

तुझी आई