पोटाची घाई आणि अक्काची जीभ

तंजावर, ऑगस्ट १९९५

तीर्थस्वरूप वेंकूअक्कास सीतारामाचा नमस्कार. तुझा गुडघा आता वाकत असेल, भावोजींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. इथे सगळे ठीक, मी सोडून; आणि त्याला कारण तू आहेस.

पापनाशमला माझ्या नातवाच्या बारशात तू भर पंगतीत म्हणालीस, "सीतारामाला पोट नाही, कावेरीचा कालवा आहे. वरून टाका, वाहून जातं." व्याही हसले. वाढपीही हसला (आणि पायसमची बादली घेऊन पुढे गेला, हे मी विसरणार नाही). मी लठ्ठ आहे अक्का, बहिरा नाही. जेवून तासाभरात मला खरोखर भूक लागते. कमलाक्षीला लग्न झाल्यापासून सांगतोय. ती त्याला जिभेचे चोचले म्हणते.

म्हणून रागारागाने बस स्टँडमागे नव्या उघडलेल्या एक्स-रे सेंटरात गेलो (हल्ली गावात सगळंच परदेशी येतंय, मशीनसुद्धा). उपाशीपोटी खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजलं आणि ते कुठवर पोचलं याचे फोटो काढत राहिले. टेबल अरुंद. दोघे धरायला होते, एक मला, एक टेबलाला.

डॉक्टर गुरुमूर्ती म्हणाले, "काही लठ्ठ माणसांचं जठर लवकर रिकामं होतं. तुमचं तसंच आहे. पोट भरल्याचं समाधान टिकत नाही." अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्यांनी शेवटचा फोटो दाखवला. औषध मोठ्या आतड्यात जाऊन बसलं होतं ते दुसऱ्या दिवशीही तिथेच. वर एवढी घाई आणि खाली सरकारी कचेरी. (वजन उतरवा, चाला, भाज्या खा, म्हणाले. स्वतः काडीसारखे, त्यांना सांगायला काय जातं.)

तेव्हा माझं पोट कालवा नाही. कालवा पुढेही वाहतो. हे व्याह्यांना तू स्वतः कळव. तोवर तुझ्या दारात मी पाऊल टाकणार नाही.

तुझा संतापलेला धाकटा भाऊ,
सीताराम

ता. क. घराण्यात आणखी कुणाला असं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

आणखी ता. क. रक्तही तपासलं. साखर निघाली. कमलाक्षीला अजून बोललो नाही. साखरेने आपल्या अप्पांचे पाय शेवटी कसे झाले होते ते तिने पाहिलंय, तिनेच ते धुतलेत. शुक्रवारच्या बसने ये. तू सांगितलंस तर ती धीराने घेईल, आणि तेव्हा माझ्याही शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.