न पाठवलेले लोणचे

जुने शहर, अकोला
१० एप्रिल २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न.
आपले पत्र पोचले. लिंबाचे लोणचेही मिळाले. घरात सर्वांना आवडले. माझा फोन बिघडला आहे, तेव्हा फोन करू नये. न्हाणीत पाय घसरून मनगट दुखावले. काळजीचे कारण नाही. अमोल माझी व आचलची उत्तम काळजी घेतात. सुटीत अमरावतीस येणे जमणार नाही. आपणही येण्याचे कष्ट घेऊ नयेत.
आपली,
सौ. अपेक्षा

अमरावती
१६ एप्रिल २०२६

चि. अपेक्षास,
अ. उ. आ.
हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर धाडते आहे. तुझी मुख्याध्यापिका माया माझी जुनी विद्यार्थिनी. ती पाकीट फोडणार नाही.

मी लोणचे पाठवलेच नव्हते. ते पोचले का, असे नुसते विचारून पाहिले. तू एकटी लिहीत असतीस तर म्हातारीला भ्रम झाला म्हणून मला चिडवले असतेस. चौकशी वाढू नये म्हणून कुणीतरी तुला होकार लिहायला लावला. शिवाय जन्मात पहिल्यांदा तू मला ‘आपण’ म्हणालीस. तुझ्या त्या न्हाणीवरही माझा विश्वास नाही.

दोन वर्षांपूर्वी वरूडच्या संत्राबागेत तू पहिल्या थपडेविषयी सांगितलेस आणि मी म्हणाले की समजून घे. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवणारी मी, घरच्या परीक्षेत नापास झाले. मला क्षमा कर.

आता शांतपणे वाच. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. फोन काढून घेणे, पत्रे वाचणे, लेकराच्या नावाने धमकावणे, हेही २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसते. तो किती विचारपूर्वक रचला आहे, हे शिकवताना मला नेहमीच आनंद होई. शाळेच्या फोनवरून १८१ या महिला मदत क्रमांकावर सल्ला विचार; जिवाला धोका वाटला तर ११२. मनगट सरकारी दवाखान्यात दाखव, खरे कारण नोंदवून घे आणि कागद मायाकडे ठेव. आणखी एक सोय मला फार आवडते: संरक्षणाचा अर्ज अकोल्यातच करावा लागत नाही. तू तात्पुरती राहशील, तिथेही तो चालतो.

मे महिन्याच्या मध्यावर धोंड्याचा महिना लागतो. मागच्या खेपेला आपण जावयाला वाण दिले नाही, हा टोमणा तुझ्या सासूबाई तीन वर्षे मारीत आहेत. मानाचे बोलावणे त्या नाकारणार नाहीत. लेक आणि नात सोबत हवीच, आठवडाभर ठेवून घेईन, असेही लिहीन. निर्णय मात्र तुझा. तू नको म्हणालीस, तर मी थांबेन.

हे पत्र घरी नेऊ नकोस.
तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
गोदाआत्या

शाळा, अकोला
२२ एप्रिल २०२६

ती. आत्यास,
सा. न.
तुझे पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा संशय आला. मला पारखण्यासाठी अमोलनेच ते मायाबाईंकडून लिहवून घेतले असेल, असे वाटले. हल्ली मी अशीच जगते. मग वरूडचे वाक्य पुन्हा वाचले. ते तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. विश्वास बसला; जुना रागही आला. तो सध्या राहू दे.

मनगट दाखवले. कागद मायाबाईंच्या कपाटात आहे. १८१ वरच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. माझे काय चुकले, असे एकदाही विचारले नाही. अमोल म्हणतो, जायचे तर जा, आचल इथेच राहील. सासूबाईंचे पालुपद एकच, की तुले मायबाप नाहीत तं जाशीन कुठी. आचलशिवाय मी हलणार नाही.

बोलावणे धाड. अनारसे तेहतीसच ठेव. सासूबाई मोजून घेतील.
तुझी,
अपेक्षा

अमरावती
२८ मे २०२६
(स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह)

श्री. अमोल यांस,
सा. न. वि. वि.
आपले फोन मी घेतले नाहीत. मजकूर कागदावर राहिलेला बरा. रविवारी आपण तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा घेऊन परतलात. येत्या रविवारी लेकीला न्यायला येणार होतात. येऊ नये. अपेक्षा आणि आचल इथेच राहतील. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल झाला आहे. यापुढे काय कळवायचे ते त्यांच्यामार्फत कळवावे.

आपल्या घरी सर्वांना आवडलेले लोणचे मी पाठवलेच नव्हते. ते काल घातले. लिंबे अपेक्षाने चिरली. मनगट आता बरे आहे. मुरायला महिना लागेल. ते इथेच खाल्ले जाईल.

शेवटी लोभ मागण्याची रीत आहे. या पत्रात ती पाळत नाही.
गोदाबाई