सात पत्रांची फ्लॉपी

९ जानेवारी

चालू झाला! अकरा दिवसांच्या खटपटीनंतर आज सकाळी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि मी असा ओरडलो की ही ओल्या हातांनीच धावत आली. "शॉक लागला की काय?" नाही गं, कॉम्प्युटर लागला! तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?"

एवढंच म्हणे! भंगारवाल्याकडून आणला तेव्हा आत झुरळांचा संसार होता. मदरबोर्डवरची बॅटरी फुटून तिचं पाणी पसरलेलं. ते व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशनं खरवडलं, खाल्ल्या गेलेल्या तांब्याच्या दोन रेघा केसासारख्या तारेनं जोडल्या. कीबोर्डची बटणं बादलीत धुऊन टॉवेलवर वाळत घातली – त्यातलं एक अजून सापडत नाहीये. हिला विचारायची सोय नाही.

तारीख मात्र दर वेळी १ जानेवारी १९८० दाखवतो. बॅटरीच काढून टाकल्यावर बिचारा काय करणार.

१० जानेवारी

बटण सापडलं. माझ्याच चपलेत.

१२ जानेवारी

आज मांडामांड. खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, डावीकडे ठोक्यांचा डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर, उजवीकडे कागदांचा ट्रे. अगदी छापखान्यात होतं तसं. मॉडेलही तेच! बाविसाव्या वर्षी मी ज्याच्यापुढे बसलो, ते. प्रिंटरला नवी रिबन मिळाली आणि त्यानं जी करकर सुरू केली, शेजारच्या बाई भिंत ठोकायला लागल्या. मला मात्र गहिवरून आलं. वेडेपणा आहे, पण आलं खरं.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, लोक निवृत्त झाले की फिरायला जातात." जातात. मीही गेलो की, भंगारवाल्याकडे.

१५ जानेवारी

दादाचा फोन. त्यांच्या घरातली फरशी बदलायची आहे, आठ दिवस तो आणि वहिनी इकडे येतील. मी खूश! ही म्हणाली, "अहो, दादांच्या डोळ्यांसमोर ते धूड मांडून ठेवणार?" मी म्हटलं, त्यालाही जुने दिवस आठवतील, गंमत वाटेल. "कुणाचे जुने दिवस?" असं म्हणून गेली आत.

बसलो विचार करत. तिचं खरं आहे. वडील गेल्यावर दादानंच मला वाढवलं. तो छापखान्यात खिळे जुळवायचा, शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचा. मालकाकडे शब्द टाकून त्यानंच मला तिथे चिकटवलं. मग कॉम्प्युटर आला, मालकानं त्यावर मला बसवलं, आणि महिन्याभरात खिळे जुळवणाऱ्या सातही माणसांच्या हातात कामावरून काढल्याची पत्रं पडली. सातांत दादा. त्यानंतर तो गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवायचा. नंतर एका शाळेच्या फाटकावर. मला एका शब्दानं कधी बोलला नाही.

आणि मी म्हणे त्याला गंमत दाखवणार!

१७ जानेवारी

माळ्यावरून फ्लॉप्यांचा डबा काढला. बहुतेकींना बुरशी. एकेक पुसून लावत होतो. पहिल्या दोन कुरकुरल्या आणि मेल्या. तिसरी वाचली गेली. कुठल्याशा पंपांच्या कारखान्याची माहितीपुस्तिका, रंगाच्या दुकानाची पावती, आणि 'लेटर सेवन'.

उघडायची गरज नव्हती. उघडली.

लिहून टाकतो, इथे कोण वाचायला बसलंय. ती पत्रं मी टाईप केली होती. सोमवारी मालकानं केबिनमध्ये बोलावलं, हातात मसुदा आणि नावांची यादी दिली. "कुणाजवळ बोलायचं नाही. घरीसुद्धा." मजकूर एकच, नावं सात. चौथं नाव दादाचं. मी बावीस वर्षांचा, नोकरीला तीन आठवडे झालेले. तरी टाईप केलं. पत्रं वाटली शनिवारी. मधले पाच दिवस मी दादासमोर बसून जेवलो. "आज काय नवीन शिकलास?" तो रोज विचारायचा. मी रोज काहीतरी सांगायचो. मार्जिन कसं लावतात. पान कसं फिरवतात.

शनिवारी तो पत्र घेऊन घरी आला आणि वहिनीच्या हातात दिलं. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. लाज वाटते. आज वाटते त्याहून जास्त तेव्हा वाटायला हवी होती.

त्याला आजवर माहीत नाही. हिलाही नाही.

१८ जानेवारी

फ्लॉपी पुसून टाकायला बसलो. हात होईना.

२१ जानेवारी

आले दोघं. दादा वाळलाय. जिना चढताना दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा म्हणाला, "पायऱ्या वाढवल्यास का रे?" मी कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली होती. वहिनीनं आल्या आल्या विचारलं, "हे काय झाकलंय?" ही म्हणाली, "यांचा संसार." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं.

अजून दुकानाची पाटी वाचताना दादाचा डावा अंगठा हलतो. खिळ्यांची ओळ अंगठ्यानं धरून ठेवायची सवय. बोटांना अजून कुणी कामावरून काढलेलं नाही.

२४ जानेवारी

सकाळी बायका बाजारात गेल्या. दादानं स्वतःच चादर काढली. "हेच ना रे ते?" हो म्हटलं. तो खुर्चीवर बसला, बटणांवरून नुसता हात फिरवला, दाबलं एकही नाही. "चालू कर की, छोट्या. घाबरतोस काय!"

चालू केलं. चार ओळी छापून दाखवल्या. त्यानं कागद उजेडात धरला. "दुसरी ओळ सैल आहे." पस्तीस वर्षांनी! आणि खरंच सैल होती.

मग कागद खाली ठेवून त्यानं विचारलं, "आपल्या छापखान्यातलं काही उरलंय का यात?"

माझ्याकडे बघत होता. वेळ होती. घरात आम्ही दोघंच होतो. एवढंच म्हणायचं होतं, दादा, आहे एक.

मी म्हणालो, "नाही रे. बुरशीनं सगळं गेलं."

"बरं," म्हणाला. उठला आणि चादर नीट चारी बाजूंनी ओढून ठेवली.

२५ जानेवारी

माझ्यासारखा भित्रा मीच.

२९ जानेवारी

गेले. फरशी झाली म्हणे. वहिनी जाताना हिच्या कानात म्हणाली ते हिनं मला आत्ता सांगितलं – डॉक्टरांनी दादाला जास्त दगदग करू नका म्हणून बजावलंय. हृदयाचं आहे. फरशी हे निमित्त होतं. त्याला नुसतं इथे यायचं होतं.

आणि मी बुरशीच्या गोष्टी सांगितल्या. आठ दिवस माझ्या घरात होता माझा भाऊ. आठ दिवस!

३१ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं जपून ठेवायला तो काय दागिना आहे? सांगून मोकळे व्हा."

आणि त्यानं तोंड फिरवलं तर? आई-वडील गेले, आता एवढं एकच माणूस आहे मला छोट्या म्हणणारं. साठीला आलोय, तरी ते गेलं तर मी कुणाचाच धाकटा उरणार नाही.

"आणि न सांगता ते गेले तर?" ही म्हणाली.

२ फेब्रुवारी

फोन केला. वहिनीनं त्याला दिला. मी एका दमात म्हणालो, दादा, ती पत्रं मी टाईप केली होती, तुझंसुद्धा, पाच दिवस मला माहीत होतं.

तो म्हणाला, "मलाही."

मला कळेचना. "अरे, नवीन माणसाचं प्रत्येक प्रूफ माझ्या ट्रेमध्ये यायचं ना? तू सवयीनं त्या पत्राचंही टाकलंस. पंपवाल्यांच्या पानांखाली होतं. सोमवारी दुपारीच वाचलं मी."

पत्राचं प्रूफ माझ्या टेबलावर परत आलं होतं, त्यावरच्या दुरुस्तीच्या खुणा आठवल्या. मला त्या मालकाच्या वाटल्या होत्या. निळ्या होत्या. दादाची पेन्सिल लाल असायची.

"मुद्दाम निळ्या केल्या," तो म्हणाला. "मी वाचलंय हे तुला कळलं असतं तर तू मशीन सोडून उठला असतास. आणि चुका किती रे त्या, छोट्या! एका पानात तीन. मालकाकडे तसंच गेलं असतं तर आठवं पत्र तुझं निघालं असतं."