तुमच्या गुडघ्यातली चमक

ती. आई,

समोर कधी 'सासूबाई' म्हटलं नाही, आता पत्रात तरी कशाला म्हणू? तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा एका घरात राहून आपण दोघी आठ-आठ दिवस बोलायचो नाही, आणि आज मी वही घेऊन बसले आहे. का, विचाराल तर आज दुपारी डॉक्टरसमोर माझ्या तोंडून तुमचा शब्द निघाला. चमक.

हो, माझाही उजवा गुडघा बदलला. आठ महिने झाले. तुमच्याच डॉक्टरने बदलला. आता केस काळे करतो आणि पेशंटशी बोलताना कॉम्प्युटरकडे बघतो. "एक्स-रे तो बहुत सुंदर है, मैडम." सुंदर! फ्रेम करून हॉलमध्ये लावू का? सांधा नीट बसलाय, जखम भरलीय, रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे दुखायला काही कारण नाही, आणि कारण नाही म्हणजे दुखत नाही. असं यांचं शास्त्र!

पण दुखतं हो. आधीचं दुखणं निराळं होतं, ते दिवसभर ठणकायचं. हे आता असतं-नसतं. नसतं, नसतं, आणि खुर्चीतून उठायला जावं तर आतून सणकन जातं. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. इथल्या थंडीत तर विचारूच नका.

आणि सल्ले देणारे! पार्कातली एक बाई रोज विचारते, "वजन कम किया?" स्वतः बाकावर दोघींची जागा अडवून. फिजिओथेरपीवाला मी पाय वाकवला तरी "वेरी गुड, आंटीजी" म्हणतो आणि किंचाळले तरी "वेरी गुड, आंटीजी". तुमच्या चिरंजीवांनी तर पॉझिटिव्ह राहण्याचे व्हिडिओ पाठवायचा सपाटा लावलाय. तेही शेजारच्या खोलीतून! उठून पाणी आणून देणार नाहीत, व्हिडिओ पाठवतील. तुम्हीच लाडावून ठेवलंत, दुसरं काय?

पण मी कुठली मोठी शहाणी? बाबा गेल्यावर तुम्ही कराडहून आमच्याकडे फरीदाबादला आलात, तेव्हा मी गुरुग्रामच्या ऑफिसात चार माणसांवर हुकूम चालवत होते. तुमची काठी, तो तपकिरी मफलर, सोफ्यावरून उठताना दर वेळी "आई गं", या सगळ्याचा मला तिटकारा होता. नाटकं वाटायची मला. राग असता तर भांडले असते. तुम्हाला भांडण्याच्या लायकीचंही मी समजत नव्हते, हे आज लिहून टाकते.

तुमच्या ऑपरेशननंतरची ती तपासणी आठवते? डॉक्टरने विचारलं, "हाँ माताजी, कैसा है?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "डॉक्टरसाब, घुटने में चमक आती है. लई आती है."

"चमक? अरे माताजी, नया घुटना है, चमकेगा ही!"

नर्स हसली. मी हसले. तुम्ही आम्हा सगळ्यांकडे बघितलंत आणि तुम्हीही हसलात. मला वाटलं, बाईला वाटतंय आपण काहीतरी छान बोललो!

मला चमक म्हणजे काय ते माहीत नव्हतं का? माझी स्वतःची आई पाठीत चमक भरली म्हणून दोन-दोन दिवस अंथरुणावर असायची. हिंदीत त्याचा अर्थ चकाकणं होतो, आमच्यात कळ येण्याला चमक म्हणतात, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मला ऑफिसला पोचायचं होतं, आणि खरं सांगायचं तर विनोद मला आवडला होता. डॉक्टरने कागदावर 'नो कम्प्लेंट' लिहिलं आणि आपण घरी आलो.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही आरतीला खुर्चीत बसून राहिलात, कुणीतरी कारण विचारलं, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आमच्या आईंचा नवीन गुडघा चमकतो ना, तो उठत नाही!" डॉक्टरचा किस्साही रंगवून सांगितला. तिथे तर सगळी आपली माणसं, सगळ्यांना मराठी येतं. चमक काय असते हे ठाऊक असून हसले मेले.

तुम्ही काठीवर जोर देऊन उठलात आणि सगळ्या आरत्या संपेपर्यंत उभ्या राहिलात. दुसऱ्या दिवसापासून कुणीही विचारलं की तुमचं एकच उत्तर, "बरं आहे." मला वाटलं, चला, उतार पडला! तीन वर्षं तुम्ही 'बरं आहे' म्हणत राहिलात, आणि मग एका सकाळी हृदयच थांबलं. गुडघ्याबद्दल तुम्हाला विचारायचं माझं राहूनच गेलं.

आज डॉक्टरने गुडघ्याच्या वाटीवर दाबून विचारलं, "दर्द कैसा है?" तीस वर्षं हिंदी बोलतेय मी, भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांशी हिंदीत भांडलेय. पण त्या क्षणी तुमचाच शब्द आला. "चमक आती है."

"चमक? अरे मैडम, नया घुटना है, चमकेगा ही!"

तोच विनोद, आई! शब्दसुद्धा बदलला नाही मेल्याने. बरोबर आलेली रेवा, तुमची नात, खुदकन हसली. आणि मी? मीही हसले. हसू येत नव्हतं तरी हसले, म्हणजे लवकर सुटका होईल. तेव्हा कळलं, त्या दिवशी तुम्ही का हसला होतात.

परत येताना गाडीत रेवाने विचारलं, "मम्मी, चमक म्हणजे शाईन ना? तू असं का बोललीस, यार?" फरीदाबादेत वाढलेली पोरगी, तिला काय बोलणार? तिला मी तो शब्द समजावून सांगितला. मग गणपतीतलं आरतीचंही सांगितलं, काही न लपवता.

"आजी उभी राहिली? पूर्ण वेळ?"

"हो."

पुढे घर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिने.

पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. मी त्या माणसाला कॉम्प्युटरवरची नजर काढायला लावणार आहे आणि चमक म्हणजे काय ते सांगणार आहे. कागदावर त्याने ते लिहिल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही. घरी कुणी विचारलं तर 'बरं आहे' म्हणणार नाही. आणि यंदा मंडळाच्या आरतीला मी बसून राहीन, आई. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. कुणी विचारलंच, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन, गुडघ्यात चमक येते. आमच्या आईंना यायची, तशीच.

तुमची सून,
सुलभा